एर्मिताजच्या टेकडीवर एक दिवस आणि तीस वर्षं

खिशातला मोबाइल काढून ठेवा, मनगटावरचं घड्याळही. पायात जुनी चप्पल असली तरी चालेल, कारण आज तिचा फारसा उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत तुम्ही मांड्यांपर्यंत जांभळे झालेले असाल. कपड्यांचा विचार करू नका. कपाटात एक सदरा असतो बघा, जो टाकवत नाही आणि घालून बाहेरही पडवत नाही. तो आज घाला.

आपण निघालोय फ्रान्सला, ऱ्होन नदीच्या काठी, १८४५ सालच्या आसपासच्या एका ऑक्टोबर महिन्यात. गावाचं नाव तँ. गावाच्या डोक्यावर एक टेकडी आहे, एर्मिताज, आणि तिच्या उतारावर सिराह नावाचं काळं द्राक्ष पिकतं. नाशिककडे ज्याला शिराझ म्हणतात तेच हे. मुरलेल्या सिराहचा पेला नाकाशी नेऊन डोळे मिटणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. आज आपण डोळे उघडे ठेवून जायचंय. अट एकच, कुणी काही विचारलं तर नुसती मान डोलवायची. इथले लोक पॅरिसची फ्रेंच बोलत नाहीत, गावची बोली बोलतात, त्यामुळे शिकलेली फ्रेंचसुद्धा तुमच्या कामाला यायची नाही.

चला.

आधी वास येतो, मग दिसायला लागतं. ओलं डांबर, भिजलेले दोरखंड, घोड्यांची लीद आणि नदीचा तो थंड, चिखलट वास. तुम्ही उभे आहात तुर्नों गावाच्या धक्क्यावर, नदीच्या उजव्या काठाला. पहाट झालीय, पण धुकं एवढं की मागच्या खडकावरचा किल्लाही दिसत नाही. एकदम पायाखालची जमीन थरथरते. बाजूला व्हा, बाजूला! काठाच्या वाटेने घोड्यांची रांग येतेय. वीस असतील, पंचवीस असतील, नाकातून वाफा सोडणारे, घामाने चकाकणारे. त्यांच्यामागे मनगटाएवढा दोर ताणलेला, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, धुक्याच्या आत, लाकडी नावांचा तांडा प्रवाहाविरुद्ध इंचाइंचाने ल्योंच्या दिशेने सरकतोय. दोर पाण्यातून वर उसळला की सगळ्या धक्क्यावर शिंतोडे. तुमच्या मानेवरही दोन-चार.

नावेतून कुणीतरी ओरडतं, 'राज्याकडे घ्या, राज्याकडे!' घाबरू नका, हे राजकारण नव्हे. एके काळी हा काठ फ्रान्सच्या राजाचा आणि पलीकडचा सम्राटाचा होता. ते सम्राट कधीच गेले, पण नावाड्यांच्या तोंडी उजवा काठ 'राज्य' आणि डावा काठ 'साम्राज्य' असाच राहिलाय. तेवढ्यात एक वाफेची बोट धूर ओकत त्यांना मागे टाकून जाते. घोडेवाले तिला मनसोक्त शिव्या घालतात. शिव्या मात्र न शिकवता कळतात.

आपल्याला पलीकडे जायचंय, साम्राज्याकडे. समोर तारांवर टांगलेला पूल आहे. मार्क सेगँ नावाच्या अभियंत्याने तो १८२५ मध्ये बांधला. लोखंडी तारांच्या दोरांवर तोललेला एवढा मोठा पूल युरोप खंडात त्याआधी नव्हता. पुलाचे पैसे मोजा आणि फळ्यांवर पाय टाका. हलतोय ना? हलणारच. पुढून चेस्टनटची पोती घेतलेली गाढवं येताहेत, मागून एक छकडा, आणि फळ्यांच्या फटींतून खाली हिरवट-करडं पाणी जोरात पळताना दिसतंय. बरोबरच्या बायका लाकडी बुटांचा खडखडाट करत, हसत-खिदळत तुम्हाला ओलांडून जातात. पुलाचा कठडा घट्ट धरून चालणारे तुम्ही एकटेच.

मधोमध आलात की थांबा. धुकं फाटतंय. समोर बघा.

ती टेकडी. गावाच्या घरांमागून सरळ उठलेली, दक्षिणेकडे तोंड करून, नदी तिच्या पायाशी वळण घेते. खालपासून वरपर्यंत दगडी पौळींच्या पायऱ्या, चुन्याचा कणही न वापरता रचलेल्या. प्रत्येक पायरीवर वेली, आणि प्रत्येक वेलीला आधाराला स्वतंत्र लाकडी काठी. मांडव नाही, तार नाही, ओळी तर नाहीतच. वेलींची नुसती गर्दी. वेल म्हातारी झाली किंवा मेली की शेजारच्या वेलीची काडी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की झाली नवी वेल. दाब कलम म्हणतो आपण. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आल्यामुळे कुठली वेल कुणाची आई हे टेकडीला स्वतःलाही सांगता येणार नाही.

माथ्यावर एका संन्याशाची जागा दाखवतात. तेराव्या शतकात युद्धातून जखमी होऊन परतलेला एक सरदार, गास्पार द स्तेरँबेर, सगळं सोडून इथे येऊन राहिला अशी कथा आहे. त्याच्या मठीवरून टेकडीचं नाव पडलं. आज तुमच्या बरोबर खुडणीला असलेला म्हातारा तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की हे द्राक्ष असल्याच एका संन्याशाने पार इराणातल्या शिराझहून आणलं. तुम्हाला माहीत आहे की १९९८ मध्ये डीएनए तपासणी होईल आणि सिराहचे आईबाप इथल्याच परिसरातले निघतील, सावोयची मोंदूज ब्लांश आणि नदीपलीकडच्या आर्देशची दुरेझा. पण गप्प बसा. डीएनए म्हणजे काय हे समजावून सांगेपर्यंत पाऊस येईल आणि घड तसेच राहतील.

आता चढायचं.

पहिल्या पन्नास पावलांत लक्षात येतं की ही वाट माणसांसाठी केलेली नाही, बकऱ्यांसाठी असावी. पश्चिमेच्या बाजूला पायाखाली ग्रॅनाइटचा भुगा सरकतो, एक पाऊल वर तर अर्धं खाली. पूर्वेकडे गेलात तर नदीने कधीकाळी आणून टाकलेले गोटे आणि चिकणमाती. हातभर उंचीच्या पौळीला धरून वर चढायला जाल तर एखादा दगड हातात येईल. तो जागेवर नीट बसवा. बागवाला लांबून बघतोय आणि पौळीचा दगड पाडणाऱ्याला इथे पाहुणा म्हणत नाहीत.

तुमच्या हातात लहानसा वाकडा सुरा येतो. वाकायचं, घड डाव्या हातात तोलायचा, देठ कापायचा. घड लहान, मणी लहान, साल जाड आणि रंग काळाशार, वर धुरकट पांढरी लव. एक मणी तोंडात टाका, कुणी बघत नाही. गोड आहे, पण लगेच साल दाताखाली येते आणि जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू सगळं तुरट होऊन आक्रसतं. हा तुरटपणा लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

दहा वाजेपर्यंत थंडी पळते. दुपारी उन्हाने पौळी तापतात आणि वरून ऊन, खालून दगड, अशी दोन्हीकडून भाजणी सुरू होते. उत्तरेचा मिस्त्राल वारा टेकडीच्या पाठीवर आपटतो, इथे उतारावर त्याची फक्त शीळ ऐकू येते. गांधीलमाश्या प्रत्येक घडावर. बोटं चिकट, चेहरा चिकट, कपाळावरचा घाम पुसला तर तिथेही चिकट. कंबर तर कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाची आहे असं वाटायला लागतं.

पण खुडणारे सुखी. खरं बघायचं तर वाहणाऱ्यांकडे बघा. पाठीला पट्ट्यांनी अडकवलेली उंच लाकडी बादली, तिच्यात काठोकाठ घड, आणि त्या सरकत्या भुग्यावरून खाली उतरायचं. चढ परवडला, उतार नको. गुडघे थरथरतात ते दिसतात. खाली ओतलं की रिकामी बादली घेऊन पुन्हा वर. एकाच्या खांद्यावर पट्ट्यांचे दोन वळ आहेत, झाडाच्या सालीसारखे घट्ट झालेले. तो सांगतो की हे घडांमुळे झालेलं नाही, मातीमुळे झालंय. जोराचा पाऊस झाला की उतारावरची माती वाहून पायथ्याला येते. मग तीच माती हिवाळ्यात याच पाठींवरून पुन्हा वर न्यायची आणि ज्या वेलीची तिच्या बुडाशी टाकायची. दर वर्षी. ही टेकडी आहे तिथे टिकून आहे ती या माणसांनी तिला पुन्हा पुन्हा वर नेऊन ठेवल्यामुळे.

जेवणाची सुट्टी! पौळीच्या सावलीत बसा. कडक पावाचा तुकडा, कांदा, आणि बकरीच्या दुधाचं पिकोदों नावाचं छोटं, गोल, झणझणीत चीज. मातीचा मोगा हातोहात फिरतोय. तुम्ही आशेने तो तोंडाला लावता, प्रत्यक्ष एर्मिताजच्या टेकडीवर, एर्मिताजच्या माणसांबरोबर! आणि तोंड वाकडं होतं. हे आंबट, फिकं पाणी काय आहे? एकदा उकळलेल्या चहापत्तीवर पुन्हा पाणी ओतून चहा करावा, तसा हा प्रकार. रस काढून झालेल्या चोथ्यावर पाणी ओतायचं, थोडं आंबू द्यायचं आणि मजुरांना द्यायचं. याला पिकेत म्हणतात. खरी एर्मिताज? ती विकायची असते. ज्या माणसाने आयुष्यभर तिची माती वाहिली त्याने ती किती वेळा चाखली असेल ते बोटांवर मोजता येईल.

दुपारनंतर खाली चला, तळघरात. दार उघडताच अंगावर वाफ येते. आंबणाऱ्या द्राक्षांचा वास इतका दाट की तो चावता येईल. यीस्टचा, जांभळाचा, ओल्या लाकडाचा आणि दोन दिवस अंघोळ न केलेल्या दहा माणसांचा. पुरुषभर उंचीच्या लाकडी हौदात घड देठांसकट भरलेत. काही जणांनी त्यात थोडी पांढरी द्राक्षं, मार्सान आणि रूसान, टाकलीत. इथे ती जुनी पद्धत आहे आणि तुमच्या काळातला कायदाही लाल एर्मिताजमध्ये १५ टक्क्यांपर्यंत पांढऱ्या द्राक्षांना मुभा देतो.

विजार मांड्यांपर्यंत वर घ्या. उतरायचंय आत. थांबा, थांबा! आधी मेणबत्ती. एक पोरगा काठीला बांधलेली जळती मेणबत्ती हौदात खाली सोडतो. आंबताना रसातून कार्बन डायॉक्साइड निघतो, हवेपेक्षा जड, तो हौदात तळ धरून बसतो. त्याला ना रंग ना वास. मेणबत्ती विझली तर उतरायचं नाही. न बघता उडी मारलेल्यांच्या गोष्टी इथे प्रत्येक तळघरात सांगतात आणि त्या एकाच प्रकारे संपतात. आज ज्योत थरथरते, पण जळत राहते. उतरा.

वरचा थर गरम आहे, तळाशी गार. मणी पायाच्या बोटांमधून फुटतात, देठ टाचांना टोचतात, बिया तळव्याखाली खडीसारख्या सरकतात. पाय उचलायचा म्हटला तर लगदा सोडत नाही. दोघं-तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ताल धरतात, कुणी गाणं म्हणतं, शब्द कळत नाहीत पण चावट असावेत, कारण बाहेर उभ्या असलेल्या बायका जास्त मोठ्याने हसतात. तास झाला की तुम्हाला घाम, रस आणि डोकेदुखी यांतलं काय कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. बाहेर आल्यावर पाय धुता. जांभळा रंग जात नाही. जाणारही नाही, आठवडाभर.

संध्याकाळी अंगणात गेल्या वर्षीच्या पिंपांची मोजदाद चाललीय. एक व्यापारी पिंपावर टकटक करतोय, चाखतोय, थुंकतोय, पुन्हा चाखतोय. पिंपं नदीने खाली जातील, मग कालव्याने पश्चिमेला, थेट बोर्दोला. तिथे काय होणार? तिथल्या फिक्या वाइनमध्ये ही काळी, दणकट सिराह मिसळली जाणार, आणि बाटलीवर नाव बोर्दोचंच लागणार. यात लपवाछपवी काही नाही, उलट गिऱ्हाइकं ते मागून घेतात. १७९५ सालच्या लाफीतमध्ये एर्मिताज घातली होती आणि त्या सालच्या वाइनमध्ये तीच लोकांना सगळ्यांत जास्त आवडली, असं बोर्दोच्या व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात नोंदलेलं आहे. कष्ट एकाचे, ताकद दुसऱ्याला, नाव तिसऱ्याचं. तुम्हालाही हे कुठे तरी पाहिल्यासारखं वाटत असेल.

पण एक पिंप मालक विकत नाही. तुम्ही आज तुडवलेल्या रसातूनच ते भरणार, काही वर्षं लाकडात राहणार, मग बाटल्यांत उतरून याच तळघरात आडवं पडणार. तुम्हाला ते चाखायचं असेल तर तीस वर्षं थांबावं लागेल. थांबता? नाही? मग डोळे मिटा. तेवढी सोय आपल्या या काळाच्या सफरीत आहे.

१८७५. उघडा डोळे.

काय बदललं? घोडे नाहीत. काठाने रेल्वेचे रूळ गेलेत, नदीवरची ती आरडाओरड संपलीय. आणि हवेत कुजक्या कोबीसारखा वास आहे. वर बघा. ऑक्टोबरात वेली लालसर होतात, पण हे तसं नाही. टेकडीवर जागोजागी पिवळे, वाळके डाग पडलेत. वेल ओढली तर हातात येते, मुळं गाठाळलेली, कुजलेली. हा फायलोक्सेरा. मावा जातीची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिवळी कीड, अमेरिकेहून आणलेल्या वेलींबरोबर आली आणि मुळातला रस शोषत देशभर पसरली. प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये तिला मुळांवर पकडलं, पण पकडणं वेगळं आणि मारणं वेगळं. तो कुजका वास कार्बन डायसल्फाइडचा. पिचकारीसारख्या अवजाराने ते जमिनीत सोडतात. सपाटीवरचे बागवाले बाग महिना-सव्वा महिना पाण्यात बुडवून कीड गुदमरवतात. टेकडी कशी बुडवणार?

तीस वर्षांपूर्वी तुम्ही खुडलेल्या वेली मरताहेत. तळघरात उतरा.

म्हाताऱ्या मालकाचा मुलगा आता स्वतः म्हातारा व्हायला आलाय. तो बाटली न हलवता उचलतो. तिच्या मानेखाली मेणबत्ती धरतो आणि हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायला लागतो. मेणबत्ती पुन्हा कामाला आली, या वेळी गाळ दिसावा म्हणून. ओतणं थांबतं तेव्हा तळाशी काळपट गाळ उरतो. तुमची जीभ आक्रसवणारा तो तुरटपणा आठवतोय? त्याचा बराचसा भाग तो आहे. सालीतला रंग आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत गेले, जड झाले आणि तळाला बसले.

पेला उजेडात धरा. जांभळा कुठेच नाही. मधे गडद तांबडा, कडेला विटकरी. नाकाशी न्या. आधी काळ्या मिऱ्याचा वास. तो नुसता भास नाही, मिऱ्यात आणि सिराहमध्ये वासाचं एकच द्रव्य असतं, रोटंडोन, सिराहमधलं त्याचं अस्तित्व ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये जाहीर केलं. त्याच्यामागून चामडं, धूर, काळं ऑलिव्ह, वाळकं अंजीर, पावसात भिजलेला पाचोळा. आता घोट घ्या. काहीही टोचत नाही. जिने तुमच्या हिरड्या खरवडल्या होत्या तीच ही, पण गिळल्यावरसुद्धा चव जाता जात नाही. समोरचा माणूस पेला भरतो, वर टेकडीकडे बघतो आणि काही बोलत नाही. वेली गेल्या. त्यांची वाइन त्यांच्यापेक्षा जास्त जगली. मुरलेल्या एर्मिताजचं मोल मला विचाराल तर इथे आहे, चामडं-अंजीर हे त्याच्यावरचं नक्षीकाम.

चला परत. पाय अजून जांभळेच आहेत, असू द्या.

टेकडी पुढे वाचली ती ज्या देशातून कीड आली त्याच देशाच्या मुळांवर. अमेरिकन खुंट कीड सोसतो, म्हणून त्यावर सिराहचं कलम बांधलं. नाशिकच्या बागाईतदाराला हे नव्याने सांगायला नको, त्याचीही बाग अमेरिकन मूळ असलेल्या डॉगरिजसारख्या खुंटावरच उभी असते, कारण मात्र बहुधा क्षार आणि दुष्काळ. आणि स्वतःच्या मुळांवरची जुनी शिराझ अजून बघायची असेल तर ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात जावं लागतं. तुम्ही हौदात नाचत होतात त्याच दशकात तिथे लावलेल्या काही वेली अजून फळ देतात, कारण तिथे फायलोक्सेरा पोचलाच नाही. एर्मिताज आज १४० हेक्टरच्या आसपास आहे, वाढायला जागा नाही. १९३७ पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे नाव आता तिचं तिलाच मिळतं. १९६१ सालच्या 'ला शापेल'सारख्या तिच्या बाटल्यांसाठी लिलावात चढाओढ लागते. उतार तोच आहे, म्हणून खुडणी अजून हातानेच होते.

आता तुमच्यासाठी कामाची गोष्ट. कधी मुरलेली सिराह हाती आली तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ बसू द्या, हळू ओता आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. पण हे वाचून दुकानातून आणलेली शिराझ माळ्यावर वीस वर्षं ठेवायला जाऊ नका. जुनं ते सोनं ही म्हण वाइनला सरसकट लागू होत नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायलाच केलेली असते, आणि आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर ती मुरत नाही, बिघडते.